घोटलेला टोमणा

सासूबाईंना आता काही आठवत नाही. पोटच्या मुलालाही "आपण कोण?" म्हणून विचारतात. आज मात्र माझी पोळी तव्यावर टाकताना फाटली, तशी जुन्याच सुरात म्हणाल्या, "आईनं हेच शिकवलं का गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा टोमणा त्यांना माझ्या लग्नाच्या वर्षीच उत्तम जमला होता. तरी रोज घोटत राहिल्या, म्हणून तेवढाच टिकला. एखादा गोड शब्द घोटायला काय झालं होतं?

"वय झालंय तिचं. विसरून जा," नवरा म्हणाला.

विसरू कशी? ऐकून ऐकून मलाही तो पाठ झालाय. उद्या मीही सगळं विसरले आणि माझ्या सुनेची पोळी फाटली, तर माझ्या तोंडून काय निघेल, ते मला आजच ऐकू येतंय.