बाईचं आणि माझं एकमत

२०२३ साल, नोव्हेंबर महिना. माझं वय अडुसष्ट. सकाळचे आठ वाजले होते. मी स्टेअरिंगवर. मागच्या सीटवर माझे मालक अण्णा आडवे, डोकं त्यांच्या मुलाच्या, मिलिंदच्या मांडीवर. अण्णांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. उजवा हात सीटवरून सारखा खाली घसरायचा. मिलिंद तो उचलून पुन्हा त्यांच्या पोटावर ठेवायचा.

मालवणातल्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, लकवा आहे, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असणार. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन काढावा लागतो. अण्णा साडेपाचला आंघोळ करून आले तेव्हा ठीक होते. सातला मी चहाला गेलो तर खुर्चीत कलंडलेले. म्हणजे दहापर्यंत मुदत. हायवेजवळचं मोठं हॉस्पिटल आमच्याकडून तासाभरावर. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मी म्हटलं, गाडी आहे, मी आहे, नऊला दारात नेतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. आधी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, ट्रकवर होतो, मग टुरिस्ट गाड्या, शेवटची बारा वर्षं अण्णांकडे. एवढ्या वर्षांत रस्ता विचारायला मी गाडी थांबवली नाही. आमच्या स्टँडवर रस्ता विचारणाऱ्या ड्रायव्हरला हसतात. मीच जास्त हसायचो.

आता गाडीचं सांगतो. अण्णांनी ती सेकंडहँड घेतली होती, मोठी, लांबलचक. समोर डॅशबोर्डमध्येच बसवलेला स्क्रीन, त्यावर नकाशा. आतून एक बाई इंग्लिशमध्ये रस्ता सांगायची. हा नकाशा मोबाईलसारखा नाही. मोबाईलचा नकाशा नेटवरून आपोआप बदलतो. हिचा नकाशा गाडीत घातलेल्या एका कार्डात होता, आणि ते कार्ड २०१२ सालचं. नवा चौपदरी हायवे तिला माहीतच नव्हता. आम्ही फ्लायओव्हरवर असायचो आणि स्क्रीनवर गाडी कोणाच्या तरी शेतातून चाललेली. बाई ओरडायची, मेक अ यू टर्न.

अण्णांना ती फार आवडायची. मला म्हणायचे, "दत्तू, तुझ्यापेक्षा ही बाय बरी. चुकली तरी रागावणा नाय."

वर्षभरापूर्वी त्यांनी मला नकाशा अपडेट करायला गोव्याच्या शोरूमला पाठवलं. काउंटरवरच्या मॅडमनी चासी नंबर विचारला. चासी नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. त्याप्रमाणे कार्ड मागवावं लागतं. दोन तास बसवून त्यांनी सांगितलं, या मॉडेलचे नकाशे कंपनीने बंद केले. शेवटचं कार्ड निघालं तेही सहा वर्षं जुनं, आणि ते आता मिळत नाही. मी खूश झालो. पुढे मॅडम म्हणाल्या, कोल्हापूरला हा सेट काढून मोबाईलवर चालणारा नवा बसवून देतात, वरून गाडीला वेगळं सिमकार्डही घालतात, पत्ता लिहून देऊ का? मी नको म्हटलं. घरी येऊन अण्णांना एवढंच सांगितलं की काही होत नाही. कोल्हापूरचं बोललो नाही. रस्ता माझ्या डोक्यात असताना दुसऱ्या बाईची गरज काय?

तर त्या सकाळी वीस-पंचवीस मिनिटं गेल्यावर वळणावर चिऱ्यांचा ट्रक आडवा पडलेला. चिरे सगळ्या रस्त्यावर. क्रेन यायची होती. मी गाडी मागे घेतली आणि खाडीच्या बाजूचा आतला रस्ता धरला. पुढे जुना पूल, तो ओलांडला की हायवे. ट्रकवर असताना मी डोळे मिटून गेलो असतो. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र तिकडे जायचं काम पडलं नव्हतं. हे मला तेव्हा आठवलं नाही.

मिलिंदने मोबाईल काढला. रेंज नव्हती. तेवढ्यात डॅशबोर्डमधली बाई बोलली, हजार मीटरवर सरळ, पूल ओलांडा. नकाशातही पूल दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं आणि माझं एकमत झालं. मी मिलिंदला म्हटलंसुद्धा, "बघ, हीपण तेच सांगता."

पुलाकडे वळायच्या फाट्यावर रस्ता बंदचा बोर्ड होता की नव्हता, सांगता येणार नाही. मी बोर्ड वाचत जात नाही.

फाट्याच्या पुढे एक म्हातारी गुरं घेऊन उभी होती. गाडी बघून तिने दोन्ही हात वर केले.

"काका, ती कायतरी सांगता. थांबया काय?" मिलिंद म्हणाला.

"एष्टी चुकली असतली तिची. लिफ्ट होयी तिका."

आमच्याकडे रस्त्यावर हात करणारा माणूस लिफ्टच मागतो. मी हॉर्न दिला आणि पुढे गेलो. आरशात ती अजून हात हलवताना दिसली.

पूल नव्हता. नव्यासाठी जुना पाडला होता. पाण्यात नुसते खांब, वर सळ्या. स्क्रीनवर मात्र पूल अजून शाबूत होता.

रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना गडगे, दगडांचे बांध. वळवायला जागा नाही. ती लांब गाडी मी रिव्हर्समध्ये मागे आणली, जवळजवळ अर्धा किलोमीटर. अण्णांच्या घशातून घरघर येत होती. फाट्याजवळ गुरं आडवी आली म्हणून थांबावं लागलं. म्हातारी खिडकीशी आली. मागे अण्णांना बघून तिचा आवाज उतरला.

"हात करत होतंय मां रे मी. तू बघून गेलंस."

मी काच वर केली.

मग तळवड्यावरून लांबचा वळसा घालावा लागला. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं. स्कॅन होईपर्यंत पावणेअकरा. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. चिडल्या नाहीत. शेवटचे नीट कधी होते ते दोनदा विचारलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, आता इंजेक्शन दिलं तर आतच रक्तस्राव होऊ शकतो, नाही देता येणार.

बाहेर बाकावर मिलिंदने मला विचारलं, "काका, पूल पाडल्याचा तुमका ठावक नव्हता?"

मी म्हटलं, "नकाशातय पूल होतो रे."

"नकाशो जुनो आसा, तिचा ऐका नको, असा तुमीच सांगत होतास."

माणूस इतकी वर्षं ज्या बाईला हसला, तिच्याच मागे लपायला गेला.

अण्णा जगले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता मी चहाला जातो तेव्हा ते माझ्याकडे बघतात, ओठ हलवतात, आणि सोडून देतात. बहुतेक बाईवरूनच काहीतरी चिडवायचं असतं. कोल्हापूरचा सेट बसवला असता तर त्यात पाडलेला पूल दिसला असता का, मला माहीत नाही. अण्णांना कोल्हापूरचं मी अजून सांगितलेलं नाही.

नकाशा गाडीतला असो की डोक्यातला, तो कुठल्या सालचा ते आधी बघावं. दोन जुने नकाशे जुळले म्हणून पुढे पूल असतोच असं नाही.

त्या दिवसाची रात्र मी हॉस्पिटलच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचे कपडे आणायला घरी निघालो. मोठा रस्ता मोकळा झाला होता. तरी मी गाडी खाडीच्या फाट्याला वळवली. म्हातारी गुरं घेऊन तिथेच होती. इंजिन बंद केलं. खाली उतरलो.

"वयनी, मालवणाक जावचा आसा. खंयसून जाऊ?"

तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओळखलं असणार. काठी बगलेत धरली आणि हात लांब करून सगळा रस्ता सांगितला, कुठे वळायचं, कुठे वळायचं नाही, कुठला पूल आहे आणि कुठला नाही. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.