विटेचं गोडं पाणी

खुशालरावाची वीटभट्टी गावाच्या तोंडाशी, अकोल्याच्या रस्त्याला लागून आहे. बाहेरचा माणूस गावात शिरताना आधी भट्टीचा धूर पाहतो आणि मग खुशालराव पाहतो. बाभळीखाली बाज टाकलेली असते आणि बाजेवर खुशालराव टाकलेला असतो. बसलेला म्हणत नाही, कारण बसायला पाठीचा कणा लागतो.

आमचा हा सारा भाग खारपाणपट्ट्यातला. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागणार. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते वर्षानुवर्षं पिणाऱ्याची किडनी जाते. हा शब्द आमच्याकडे आता शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांनाही येतो. म्हणून गावातली माणसं नळ येईल त्या दिवशी पाणी भरून ठेवतात, नाहीतर फिल्टरच्या कॅनी आणतात. बोअरचं पाणी भांड्यांना, संडासाला आणि म्हशीला. म्हैससुद्धा तोंड घालण्याआधी एकदा मालकाकडे पाहून घेते.

हे पाणी विटेलाही चालत नाही. खाऱ्या पाण्यात माती कालवून गारा केला, तर वीट भाजून निघते तेव्हा चांगली लालबुंद दिसते. भिंत उभी राहते. भिंतीवर पाणी मारतात, ती वाळते आणि मग विटेच्या अंगातून पांढरं मीठ फुलून बाहेर येतं. त्याला लोणा म्हणतात. लोणा लागलेली वीट पुढे पिठासारखी झडते. म्हणून खुशालराव माती आणतो दूरच्या तलावातल्या गाळाची, आणि पाणी आणतो टँकरनं, गोडं. टँकर एक दिवसाआड येऊन थापणीच्या मैदानाजवळच्या सिमेंटच्या हौदात रिकामा होतो. हौदावर लोखंडी झाकण, तोटीला कुलूप, आणि किल्ली खुशालरावाच्या करदोड्याला.

विटेला गोडं पाणी, आणि वीट थापणाऱ्याला बोअरचं. अशी तिथली रीत होती.

थापणारे इथले नाहीत. दिवाळी झाली की धारणीच्याही पलीकडून, मध्य प्रदेशातून, खंडव्याकडची अकरा कुटुंबं जीपमध्ये दाटून येतात. भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक. कच्च्या विटा रचून कमरेएवढ्या भिंती करतात, वर ताडपत्री टाकतात आणि वाकून आत शिरतात. आमच्या गावचं पोरगं आता वीट थापत नाही. ते मोबाईलवर भरतीचे क्लास पाहतं आणि पानठेल्यावर बसून, परप्रांतीयांनी आमचं काम हिसकावलं म्हणून हळहळतं.

खुशालरावाची या विषयावर मतं होती. मतं त्याला सगळ्याच विषयांवर असतात, पण ही तो रोज संध्याकाळी ठेल्यावर मोठ्यानं सांगायचा.

"बाहेरच्या मानसाले हक्क कायचा गा? हक्क म्हंजे सातबारा. नाव असन त हक्क. याह्यचं मतदान तिकडं, देव तिकडं, मसनवटा तिकडं. इथं निरे हात आनले. हाताले हक्क रायते काय?"

"पन हाताच्या मांगं तोंड रायते ना, दादा," ठेलेवाला सुगत एकदा म्हणाला.

"तू पान लाव."

सगळे हसले. मीही हसलो.

हाच खुशालराव तरणा असताना दोन वर्षं पुण्याकडे कारखान्यात होता. तिथला खोलीमालक वऱ्हाडच्या पोरांना माणशी एक बादली पाणी द्यायचा, वर त्यांच्या 'मले-तुले'ची नक्कल करायचा. आमच्या बोलीची नक्कल करणाऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. देवानं त्याला जेवढी जीभ दिली तेवढीच तो वापरणार. पण खुशालराव ही कहाणी आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतो. "मानूस समजत नोते आमाले! एक बादली! तिच्यातच आंग धुवा, तिच्यातच चड्डी धुवा!" एकदा त्यानं ती भट्टीवरच्या मजुरांनाही ऐकवली. बाजेवर पडून, कॅनीतलं गार पाणी पीत. ते बिचारे उन्हात उभे राहून ऐकत होते, कारण मालकानं थांबा म्हटलं नव्हतं आणि जाही म्हटलं नव्हतं.

त्या टोळीत मैनाबाई होती. पन्नाशीची, वाळलेली, थापणीत दोन तरण्या गड्यांना मागे टाकणारी. मुकादम नावाला तिचा दीर. मालकाशी बोलायचं काम तिचं. त्या वर्षी तिची सून पोटुशी होती आणि सुनेचे पाय सुजत चालले होते. उपकेंद्राच्या ज्योत्स्ना सिस्टर लेकरांना लस द्यायला भट्टीवर आल्या, त्यांनी सुनेच्या पायावर बोट दाबून पाहिलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी घागरीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. तशाच तरातरा बाजेकडे गेल्या. मैनाबाई त्यांच्या मागे.

"दादा, पोटुशी बाई हाय ते. तिले हे पानी पाजता तुमी?"

"मी कायले पाजतो? थे सोताच्या हातानं पेते."

"बाहेरून मजूर आनला त त्याच्या प्याच्या पान्याची जबाबदारी मालकावर रायते. कायदा हाय तसा. हौदात गोडं पानी हाय ना तुमच्या?"

"थे विटेचं हाय, सिस्टर. विटेले लोना लागते." मग खुशालरावाला सुचलं आणि तो उठून बसला. "मानसाले लोना लागते काय?"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की संध्याकाळी ठेल्यावर त्यानं ते तीनदा म्हणून दाखवलं.

ज्योत्स्ना सिस्टरनी वहीत लिहिलं, वर कळवलं. वरून काही आलं नाही. वरून आमच्या गावात फक्त निवडणूक येते.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई एकटी आली.

"सेठ, घर पीछे दो घड़े. पीने के. बस."

"अकरा घर के बाईस घडे! रोज! टँकर क्या तेरा बाप भेजेगा?"

"तो बहू के लिए एक."

"एक दिया तो कल दस मांगेंगे. तुम लोग का येच है."

"ईंट को प्यास लगती है, सेठ?"

"लगती है," खुशालराव म्हणाला.

मैनाबाईनं एकवार हौदाकडे पाहिलं आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. खुशालरावाला वाटलं, जिंकलो.

आता हौदाची रीत सांगतो. रोज उजाडता उजाडता खुशालराव तोटीचं कुलूप काढायचा. पाणी चारीनं गाऱ्याच्या खड्ड्यांकडे धावायचं आणि खुशालराव घराकडे, चहाला. बायकोच्या, गोदाबाईच्या हातचा चहा, वरून खारी, वरून पेपर. तासाभरानं परत येऊन हौदात काठी बुडवायचा, पाणी किती उतरलं ते पाहायचा आणि कुलूप लावायचा. एवढी त्याची मालकी.

मैनाबाईनं तो तास घेतला. खुशालरावाची पाठ फिरली की बायका चारीवर घागरी लावायच्या, डबे भरायच्या, उरलं तर लेकरांची डोकी धुवायच्या. राहिलेलं पाणी गाऱ्यात जायचं, कमी पडेल तेवढं बोअरचं. हौदातलं पाणी रोज उतरायचं तेवढंच उतरायचं. खुशालराव काठी पाहून मान हलवायचा. पाणी कुठे गेलं, हे काठीला विचारून कळत नाही.

शेतात जाणाऱ्या अर्ध्या गावानं हे रोज पाहिलं. कोणी सांगितलं नाही. याचं पुण्य मात्र गावाच्या नावावर लावू नका. गावाला त्या मजुरांची दया आली नव्हती. खुशालरावाच्या विटा पांढऱ्या होताना पाहायची हौस होती, आणि ते फुकटात पाहायला मिळणार होतं. बापूबाबा म्हणवून घेणारी, देवळाच्या ओट्यावर न्यायनिवाडे करणारी माणसं रस्ता सोडून मुद्दाम भट्टीवरून जायची, घागरी पाहायची आणि गालात हसायची. त्याआधी दोन महिने हीच माणसं त्याच रस्त्यानं त्याच बायकांना खारं पाणी पिताना पाहत होती. तेव्हा कोणाला हसू आलं नाही की बोलूही आलं नाही.

सुनेच्या पायांची सूज उतरली. शिमग्याच्या आधी तिला मुलगी झाली. खुशालराव म्हणाला, "चला, एक मजूर वाढला," आणि गूळ वाटायला लावला, त्यांच्याच डब्यातला.

खुशालरावाची लेक रागिणी अकोल्याला दिलेली. तिचे सासरे वामनराव, कापसाचे अडते, तिथं दोन मजली घर बांधत होते. विटा अर्थातच इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, भट्टीच्या. "अशी वीट तुमाले साऱ्या जिल्ह्यात भेटनार नाही," असं खुशालरावानं छातीवर हात मारून सांगितलेलं. ते खोटं नव्हतं हे पुढे कळलं.

चैत्रात एका संध्याकाळी ठेल्यावर त्याचा फोन वाजला. फोन तो नेहमी स्पीकरवर बोलतो, म्हणजे अकोल्यात त्याचे इवाई आहेत हे लोकांना ऐकू जातं.

"बोला, इवाई!"

"खुशालराव, आमच्या घराले रंग कोनं देल्ला?"

"रंग? प्लास्टर त होऊ द्या."

"थेच त इचारून राहिलो. रंगारी आला नाही, आनी भिंत पांढरी झाली. खालपासून वरलोग. बोटानं खरवडून जिभेवर ठेवलं, त मीठ."

ठेल्यावरचे सगळे फोनजवळ सरकले.

"रागिनी म्हने, बाबाले फोन नोका करू, बाबाले वाईट वाटन. म्या म्हनलं, मले एकट्यालेच कावून वाटावं?"

खुशालरावानं स्पीकर बंद करायला अंगठा लावला, तो व्हिडिओवर पडला, आणि पडद्यावर वामनरावांची भिंत आली. चांदणं पडल्यासारखी पांढरी. सगळ्यांनी वाकून पाहिली. मग खुशालराव चप्पल राहिली तरी भट्टीकडे पळाला, आणि आम्ही त्याच्या मागे. अशा वेळी आमचं गाव फार एकदिलानं चालतं.

"गारे में बोअर का पानी डाला तुमने?"

मैनाबाईचा दीर खाली पाहू लागला. मैनाबाईनं हातातला साचा मातीत दाबला, वीट उलटी केली, साचा उचलला. मग म्हणाली, "डाला."

"और मीठा?"

"पी लिया."

"चोरी! दिनदहाडे चोरी!"

"चोरी छुपके होती है, सेठ. आपका पूरा गांव देखता था." तिनं आमच्याकडे हात केला. आम्ही इकडेतिकडे पाहिलं.

"अरे, लडकी का ससुराल है वो! मुंह दिखाने को जगा नहीं रखी!"

"मेरी भी बहू थी." ती उठून उभी राहिली. "आपने पूछा था, आदमी को लोना लगता है क्या. लगता है, सेठ. पांव में दिखता है."

खुशालराव पोलिसात जाणार होता. मोटारसायकल काढलीही होती. सुगतनं फक्त विचारलं, "दादा, रपोट काय लिहाची? मजूर पानी पेले म्हनून?" मोटारसायकल पुन्हा शेडमध्ये गेली.

टोळीनं तो आठवडा भरला आणि ती गेली. अचलपूरकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथं बोअरलाच गोडं लागतं. जीप ठेल्यावरून गेली तेव्हा मैनाबाईनं आमच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहावं असं आम्ही काय केलं होतं? मैदानात वाळत पडलेल्या विटा तशाच राहिल्या. त्या खाऱ्या पाण्यातल्या की गोड्या, कोणी सांगू शकेना. खुशालरावानं त्या रस्त्याच्या खड्ड्यांत भरल्या.

पुढच्या दिवाळीला खंडव्याकडून जीप आली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मग खुशालराव स्वतः एसटीनं धारणीला, तिथून जीपनं पलीकडे. तीन दिवस पाड्यापाड्यानं फिरला. प्रत्येक ओट्यावर त्याला पाणी देऊन बसवायचे आणि पहिला प्रश्न तोच करायचे: "वो नमकवाली भट्टी आपकी?" चौथ्या दिवशी नऊ कुटुंबं मिळाली. त्यांनी हौद आणि तोटी दोन्ही आधी बोलून घेतलं. सगळ्यांसमोर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आता भट्टीवर मजूर गोडं पाणी पितात. खुशालरावाचं मतही बदललं आहे. ठेल्यावर म्हणतो, "मजुराले त्याचा हक्क देल्लाच पायजे गा. बाहेरचा असो का घरचा. म्या देल्ला, सोताहून देल्ला. मले कोनाचा कायदा दाखवा लागला नाही." आणि ऐकणारे माना डोलावतात. ज्योत्स्ना सिस्टर त्या वेळी तिथून जात असल्या तरी तो वाक्य तोडत नाही.

पण विटेला लोणा लागायची धास्ती त्याच्या मनातून जात नाही. मजूर पाणी पिऊन गाऱ्यात काय घालतील याचा भरवसा नाही, आणि काठीवरचा विश्वास उडाला. म्हणून आता उजाडलं की खुशालराव चहा सोडून भट्टीवर येतो. नऊ घरांचे नऊ गारे. प्रत्येकाशी उकिडवा बसतो, बोट चिखलात बुडवतो, जिभेवर ठेवतो आणि डोळे मिटून खार लागतो का पाहतो. मग थुंकतो, धोतराला बोट पुसतो आणि पुढच्या गाऱ्याशी जातो. गोदाबाई म्हणते, याह्यले आता भाजीतलं मीठ समजत नाही.

थापणाऱ्या बायका हात थांबवून पाहत असतात. परवा त्यांतली एक तरणी पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "क्यों सेठ, नमक बराबर है?"

खुशालराव बोलायला गेला. तोंडात चिखल होता.