अक्काच्या बोटांवरच्या रेघा

पारोळा मागे पडून बराच वेळ झाला तरी भिकुबाई अक्का कुठे टेकायचं नाव घेईना. आमच्या पायी मंडळाचा झेंडा धरलेले रतिलाल भाऊसुद्धा तिच्या मागे राहिले होते. चैत्रातलं ऊन, धुळ्याकडे जाणारा सरळ हायवे, अंगावरून जाणारा ट्रकांचा गरम वारा, आणि सगळ्यांच्या पुढे अक्का. डोक्यावर पदर, पाठीला पिशवी, आणि दोन्ही हातांत स्कूटरवरच्या मुली घालतात तसले फुलाफुलांचे हातमोजे.

"अक्का, झेंडा मागे राहिला," रतिलाल भाऊ ओरडले. "देवीच्या आधी गडावर जाऊन बसायचं का तुला?"

"झेंडाले सांग, पाय उचल म्हना," अक्का मागे न बघताच म्हणाली.

आम्ही जळगावातल्या पिंप्राळ्याची माणसं दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला चालत जातो. अक्का माझ्या घरापासून तिसऱ्या दाराला राहते. मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीपासून ती या वाटेने चालते आहे. एरवी ती सगळ्यांत शेवटी असते. बायांच्या घोळक्यात, गप्पा मारत, कुणाच्या सुनेची चौकशी करत. यंदा तिच्या पायांना थारा नव्हता, आणि त्याचं कारण तिचे हात होते.

अक्का मांडे करते. आमच्या खानदेशात खापरावरची पुरणपोळी म्हणजे मांडा. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत लुगड्याच्या पदराएवढी पातळ करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. टाकणं एक वेळ जमतं, पण ती उचलायची बोटांनीच. जळगावात कुणाकडे लग्न असो, आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा सण असो, अक्काला बोलावणं ठरलेलं. अशा किती उन्हाळ्यांत तिची बोटं खापराला लागली असतील, ते तीच जाणे. जवळून बघितलं तर तिच्या बोटांची टोकं टाकी न लावलेल्या पाट्यासारखी दिसतात. गुळगुळीत.

त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. बोटांच्या रेघा कुणी बघतं का?

तिचा मुलगा नवल आणि सून पुनम कॅनडात आहेत. गेले तेव्हा दोघांचीही कामं धड नव्हती, म्हणून तान्ही भूमिका अक्काजवळ राहिली. अक्काने तिला न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं, मांड्याच्या कामाला जाताना कडेवर नेलं. ती पोर अहिराणीत भांडायची. मागच्या दिवाळीनंतर नवल आला आणि तिला घेऊन गेला. त्याचंही बरोबरच होतं, मुलगी त्याची. सुरुवातीला फोनवर ती रडायची, आजीकडे यायचं म्हणायची. मग रडणं थांबलं. मग फोनकडे बघून पळून जायला लागली. संक्रांतीच्या सुमारास अक्काने हाक मारली तर तिकडून एकच शब्द आला, "बिझी!"

अक्काने तो शब्द गल्लीभर हसून सांगितला. पण त्याच रात्री नवलला म्हणाली, माझे कागद कर.

आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसाचा अर्ज नवलने भरला. त्याआधी पासपोर्ट जळगावातच पोस्टाच्या ऑफिसात झाला. तिथल्या साहेबाने चार वेळा बोटं पुसायला लावून, दाबून, कसेबसे ठसे घेतले. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. व्हिसाच्या ठशांसाठी तिचा पुतण्या अभिमन तिला मुंबईला घेऊन गेला, तर तिथली काच काही तिची बोटं ओळखेना. ठेव, उचल, पुन्हा ठेव. शेवटी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही काम काय करता?"

"मांडा," अक्का म्हणाली.

मुलीला कळेना. मग अक्काने तिथेच उभं राहून दोन्ही हातांनी मांडा फिरवून दाखवला. अभिमन सांगतो, रांगेतले लोक फोन काढून शूटिंग करायला लागले.

मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, हातांना आराम द्या. पाणी नको, साबण नको, गरम काही नको. तूप लावा, मलम लावा. रेघा थोड्या परत येतात. ठशांना बोलावल्याचं जे पत्र आलंय, त्याची मुदत आहे तोवर पुन्हा या. ती मुदत चैत्री पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात संपत होती. ती टळली तर सगळं पहिल्यापासून.

कामाच्या बाईला काम करू नको म्हणणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. अक्काची भांडी शेजारची कुंदाबाई घासायची, भाकरी मी टाकायची. अक्का हातमोज्यांत तूप चोपडून गल्लीत येरझारा घालायची.

"अक्का, गाडी कुठे लावली?" कुंदाबाई तिच्या हातमोज्यांवरून विचारायची.

"तुना नवरा लई गया," अक्का म्हणायची, म्हणजे तिच्याच नवऱ्याने पळवली. कुणाच्याही दारात उभी राहून कणीक सैल झाली, घट्ट झाली, डाळ जास्त शिजली, असं सांगत बसायची. बाया वैतागल्या. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन हातमोजे काढायची आणि बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरायची. "देख बरं शीतल, रेघा उन्यात का वं?"

मला कधी दिसायच्या, कधी नाही. मी हो म्हणायची.

म्हणून ती यंदा चालायला निघाली तेव्हा तिला कुणी अडवलं नाही. "हातले काम नको आसं सांगं त्यास्नी. पायले काय सांगं का कोनी?" ती म्हणाली. मला वाटलं, बरंच झालं. चालेल, थकेल, देवीचं नाव घेईल, जीव शांत होईल.

जीव कसला शांत होतोय. दुपारी मुकटीला एका शेतकऱ्याने पायी भक्तांसाठी जेवण ठेवलं होतं. मी पाय धुऊन आले तर अक्का जागेवर नाही. मांडवामागे गेले. बाया पुऱ्या लाटत होत्या आणि अक्का हातमोजे कमरेला खोचून कढईजवळ बसली होती. झारा बाजूला पडलेला, आणि ही गरम पुरी बोटांनी उचलून टोपलीत टाकत होती.

"अक्का!"

ती दचकली. लहान मुलीसारखे दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तीनच पुऱ्या उचल्यात."

"दाखव हात."

उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटावर लाल चट्टा उठला होता, फोड यायच्या बेतात. मला फार राग आला. मी तिथेच सगळ्यांसमोर बोलले, की पोरीकडे जायचं आहे का पुऱ्या तळायच्या आहेत, एकदाच काय ते ठरव. लाटणाऱ्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का, अशा नजरेने. अक्का उठली. हातमोजे चढवले आणि जेवायला बसली, पण जेवली नाही.

मुकटीपासून फागण्यापर्यंत ती पुढेच होती, पण आता थट्टा नव्हती. मी मनात जप करत चालले होते, पण डोळ्यांपुढे तो लाल चट्टाच येत होता. फागण्याला चहा घेताना तिने स्वतःच विषय काढला.

"देवीले अठरा हात शेतस," ती म्हणाली. "माले दोनच. अनि त्या बी कोंडी ठेवेल शेतस."

"थोडेच दिवस राहिले, अक्का."

"हातले कोन सांगी हाई? काम देखं का त्या आपसूक जातस."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. गडाच्या पायथ्याशी नांदुरीला आमचं मंडळ देवीचा नैवेद्य करतं, आणि नैवेद्याचा मांडा दर वर्षी अक्काच्या हातचा असतो. तिचं खापर यंदाही सामानाच्या टेम्पोत होतं. मी निघताना पाहिलं होतं. वाटलं, मंडळातल्या दुसऱ्या कुणासाठी घेतलं असेल. मी विचारलं तर अक्का दुसरीकडे बघायला लागली. तिने मनाशी ठरवलं होतं, एक मांडा करायचा. एकच. देवीचा आहे, देवी सांभाळून घेईल.

 देवीच्या कामाला नको म्हणायला माझी जीभ उचलेना. पुऱ्यांवरून बोलणं वेगळं. हे नेमाचं काम होतं. अक्काच्या नेमात मी कोण येणार?

धुळ्यात एकवीरेच्या देवळाजवळ मुक्काम पडला. सकाळी पांझरेच्या काठी आम्ही निघायची तयारी करत होतो तेव्हा नवलचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदली रात्र होती. अक्काला हातमोज्यांमुळे फोन धरता येईना, म्हणून मी धरला. नवलने हात कसे आहेत विचारलं. अक्का म्हणाली, बेस शेतस. पुनमने नमस्कार केला. मग तिने भूमिकाला पुढे ओढलं. पोर उंच झाली होती. केस कापले होते. तिने स्क्रीनकडे नीट पाहिलं, आधी मला, मग अक्काला, आणि अगदी शहाण्या मुलीसारखा हात हलवला.

"हाय आंटी!"

"आंटी काय गं? आजी म्हण," नवल मागून रागावला.

"र्‍हाऊ दे," अक्का हसत म्हणाली. "आंटी ते आंटी. बोलनी ते खरं."

फोन ठेवल्यावर तिने पिशवी पाठीला लावली. कुंदाबाईने विचारलं, काय म्हणते नात? "मोठी व्हई गयी," अक्का म्हणाली आणि चालायला लागली. पण त्या दिवशी ती झेंड्याच्या पुढे गेली नाही. माझ्या बाजूने चालली. शहर संपलं, मालेगावची पाटी आली, उन्हं वर आली. मध्येच हातमोजा काढायची, त्या लाल बोटाकडे बघायची आणि पुन्हा घालायची.  एकदा वाटलं, रडेल. रडली नाही.

आर्वीच्या अलीकडे एका लिंबाखाली मंडळ पाण्याला थांबलं. बाकीचे टेम्पोपाशी गेले. अक्का उभीच होती.

"ती माले इसरी गयी, शीतल."

"लहान आहे ती. तू समोर दिसलीस की—"

"हा. समोर दिसनू ते." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "नांदुरीले देवीना मांडा औंदा तू टाक."

मी घाबरले. नैवेद्याचा मांडा म्हणजे हसण्याचं काम नाही. माझ्या हातून आजपर्यंत एकही मांडा अख्खा उतरलेला नाही, आणि हा देवीपुढे जायचा. म्हटलं, "अक्का, मला साधी पोळी गोल येत नाही. कुंदाबाईला सांग."

"कुंदाले इचारं मी. ती म्हने, एक करी टाक ना अक्का, एकमा काय व्हस. बठ्ठ्या बाया तसंच म्हनतीन, अनि माले तेच आइकानं शे. तू एकलीच माले वरडनी." तिने हातमोज्यांतले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "फाटना ते फाटू दे. फाटेल मांडा देवी खाई ली. मी मांगे उभी र्‍हासू, तोंडवरी सांगसू. अनि मना हात खापरकडे गया ना, ते चापट मारजो. मोठी शे म्हनीसन लाजू नको."