डिक्शनरीबाईंची स्पॅनिश

इमारतीत सगळे तिला डिक्शनरीबाई म्हणत. घरात नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा टोपणनाव तर टोपणनाव, असं म्हणून तिनेही ते चालवून घेतलं होतं.

शब्दकोश छापणाऱ्या एका कंपनीत तिने एकतीस वर्षं इंग्रजी शब्दांना स्पॅनिश शब्द जुळवले. सुरुवातीला एका टेबलाभोवती पाच जण बसत आणि एकेका शब्दावरून चहा गार होईपर्यंत भांडत. मग कुणी निवृत्त झालं, कुणी वारलं, आणि कानामागून आलेलं यंत्र तिखट झालं. आता यंत्र शब्द जुळवी आणि ती घरी खिडकीशी बसून त्याच्या चुका काढी. घरात खुर्च्या दोन होत्या; दुसरीवर फायली बसत. रविवारी धाकट्या भावाचा फोन येई. "ताई, बरी आहेस ना?" एवढं विचारून तो बायकोकडे फोन देई, आणि बायकोचं नेमकं तेव्हाच दूध उतू जात असे.

गंमत अशी की तिची स्पॅनिश सगळी पुस्तकांतून आणि टपालाने येणाऱ्या धड्यांतून आलेली. ती भाषा बोलणारा जिता-जागता माणूस तिला जन्मात भेटला नव्हता.

एका दुपारी बंदराजवळच्या इस्पितळातून फोन आला. जहाजावरचा एक म्हातारा खलाशी जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडून घेऊन आला होता. त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं, आणि आठ दिवसांत सगळ्यांनी हात टेकले होते. शब्दकोशाच्या कंपनीनेच तिचा नंबर दिला होता. तिने इस्त्रीची साडी नेसली, स्वतःचाच कोश पिशवीत घातला आणि निघाली.

खलाशी बोलायला लागला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. एक अक्षर कळेना. माणूस शब्दांची शेपटं गिळत होता, वाक्यं एकमेकांवर आदळत होती. एकतीस वर्षांचं पाणी पालथ्या घड्यावर गेलं की काय, असं तिला वाटलं. शेवटी तिने कसंबसं सांगितलं, की हळू बोला, मी आजवर फक्त वाचलंय. म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि लहान पोराला घास भरवावा तसा एकेक शब्द वेगळा करून दिला.

त्याची तक्रार साधी होती: या लोकांनी माझं पोट धुऊन काढलं, ते का?

नर्सने कागद दाखवला. "तोच म्हणाला ना बाई, कॉन्स्टिपादो, कॉन्स्टिपादो. मग डॉक्टरांनी जुलाबाचं औषध लिहून दिलं."

डिक्शनरीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, इंग्रजीत तो शब्द पोटाचा, पण याच्या बोलीत सर्दीचा. त्याचं नाक चोंदलंय हो."

नर्स आधी ओशाळली, मग तोंडाला पदर लावून हसली. बाईंनी म्हाताऱ्याला सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा तोही खुबा धरून हसत सुटला. किती वर्षांनी कुणीतरी तिच्या बोलण्यावर हसलं होतं!

मग ती रोज चारला जाऊ लागली. बोलावणं नसलं तरी. तो तिच्या चुका काढी. ती 'विश्रांती घ्या' म्हणाली, तर तो म्हणे, असं आमच्याकडे फक्त सरकारी पाटीवर लिहितात. माणसं 'पड जरा' म्हणतात. त्याने मेलेल्या बायकोबद्दल सांगितलं, बोलणं टाकलेल्या लेकीबद्दल सांगितलं. तिने रविवारच्या फोनबद्दल सांगितलं. मराठीत हे तिने कुणाजवळ काढलं नव्हतं.

बाराव्या दिवशी ती गेली, तर खाटेवर दुसराच माणूस झोपलेला. जहाजाच्या कंपनीने सकाळी त्याला विमानाने घरी पाठवलं होतं. नर्स म्हणाली, "तो चारपर्यंत थांबा म्हणत होता बहुतेक. पण आम्हाला कुठे कळतंय?"

पत्ता मागितला, तर तो कंपनीच्या कागदांबरोबर गेला होता. ती थोडा वेळ बाकावर बसली, मग घरी आली. त्या आठवड्यात यंत्राच्या चुका तिच्या नजरेतून बऱ्याच निसटल्या आणि कोशाच्या कंपनीचं पत्र आलं. तिने माफी मागितली, कारण दिलं नाही.

इस्पितळाच्या दुभाष्यांच्या यादीत मात्र तिने आपलं नाव घालून घेतलं. वर्षभर फोन वाजला नाही. मग एकदा वाजला. ती धावत गेली, तर खाटेवरच्या बाईची भाषा पोर्तुगीज निघाली. नर्स वरमून म्हणाली, "उगीच हेलपाटा झाला तुम्हाला."

"असू दे," डिक्शनरीबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं, निम्मं नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत दोघी बोलत होत्या.