धाकटीची सही

बॉल बॅडमिंटन आमच्या घरात मी आणलं. हे मी अजूनही आधी सांगून टाकते, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आमचं घर चामराजपेटेत होतं. पुढच्या खोलीत अण्णांचं शिवणकामाचं दुकान आणि मागे आम्ही. वडलांना आम्ही अण्णा म्हणत असू. कितीतरी पिढ्यांपूर्वी आमची माणसं बेंगळुरात आली, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशीच आम्हाला सवय. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण शाळेत एकाच इयत्तेने मागे असलेली बहीण मला अक्का म्हणायची, आणि तिचं ऐकून अर्धी गल्लीही.

आमच्या मुलींच्या हायस्कुलात हा खेळ जोरात होता. बॅडमिंटनसारखाच, पण फुलाच्या जागी पिवळ्या लोकरीचा चेंडू आणि एका बाजूला पाच जणी. उघड्या मैदानात खेळायचं, म्हणून वाऱ्याशीही भांडावं लागायचं. आठवीत मला संघात घेतलं. मी पुढे जाळीजवळ उभी राहायची. चेंडूला हलकेच कट मारून तो जाळीपलीकडे मेल्यासारखा टाकायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. शाळेची जुनी रॅकेट मी घरी आणायची आणि गल्लीमागच्या मोकळ्या जागेत दोरी बांधून धाकटीला खेळवायची. सुरुवातीला तिला चेंडू दिसायचाच नाही. डोळे मिटून रॅकेट फिरवायची आणि मग मलाच विचारायची, "लागला का गं, अक्का?"

मग ती उंच झाली. एका उन्हाळ्यात तिचे परकर घोट्याच्या वर गेले, आईने खाली पट्ट्या जोडल्या, त्याही पुरल्या नाहीत. मागे उभी राहून ती असा फटका मारायला लागली की समोरच्या मुली बाजूला व्हायच्या. ती नववीत आली तेव्हा आम्ही दोघी एकाच संघात होतो, आणि सामने बघायला आलेली माणसं तिला बघत होती. मी पुढे वाकून जाळीशी उभी, आणि टाळ्या माझ्या डोक्यावरून मागे जायच्या.

एस.एस.एल.सी.ला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, मला चांगले मार्क पडले. शाळेत पहिल्या काही मुलींत मी होते. निकालाच्या संध्याकाळी अण्णांनी म्हैसूरपाक आणला, सगळ्यांना दिला आणि म्हणाले, "झालं. पोरीला एवढं पुष्कळ झालं."

मी म्हटलं, "अण्णा, कॉलेज..."

"कॉलेज करून काय करणार? आता आईला मदत कर. मला पण काजं-बटणांना हात हवाय."

ते रागावून बोलले नव्हते. पावशेर साखर आण म्हणावं तसं बोलले. त्यामुळे भांडायलाही काही धरता येईना. मी दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या पडद्यामागे बसून काजं करायला लागले.

वर्षभर मी तिथे बसले. धाकटी रोज संध्याकाळी लाल तोंडाने, घामाने भिजून घरी यायची, रॅकेट कोपऱ्यात ठेवायची आणि तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायची. मी तिच्याकडे न बघता सुईत दोरा ओवायची. तिचे खेळायचे पांढरे ब्लाऊज मीच शिवले. हात वर गेला की काखेत ओढू नये म्हणून तिथे कापड कसं सोडायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. ती ब्लाऊज घालून हात गरगर फिरवायची आणि म्हणायची, "स्वल्प पण ओढत नाही, अक्का!" मला वाटायचं, एकदा तरी ओढू दे.

ती एस.एस.एल.सी.ला गेली त्या वर्षी शाळाशाळांच्या सामन्यांत तिचा खेळ मुलींच्या एका कॉलेजच्या खेळाच्या टीचरांनी पाहिला. त्या आमच्या हेडमिस्ट्रेसना येऊन भेटल्या. पास झाली की ही मुलगी आम्हाला द्या, म्हणाल्या, फी माफ करू, पुस्तकंही देऊ. अशीच आणखी एक मुलगी त्यांनी हेरली होती, ती धावणारी होती.

आदल्या वर्षीही शाळेतल्या एका मुलीला असंच बोलावणं आलं होतं. तिच्या वडलांनी हेडमिस्ट्रेससमोर मान डोलावली आणि मे महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. हेडमिस्ट्रेस ते विसरल्या नव्हत्या. यंदा निकाल लागताच त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये चक्क समारंभ ठेवला. कॉलेजच्या प्रिन्सिपॉल येणार, मुली आणि त्यांचे वडील सगळ्यांसमोर स्टेजवर प्रवेशाच्या कागदावर सही करणार. ब्लाऊजचं माप द्यायला आल्या तेव्हा त्या आईला हळूच म्हणाल्या, "चारशे माणसांसमोर सही केली की माणूस मागे फिरत नाही." मी पडद्यामागे होते. मला वाटलं, माझ्या वेळी हे यांना का नाही सुचलं?

समारंभाला अण्णा कोट घालून निघाले. तो कोट त्यांनी स्वतःच्या लग्नात शिवलेला. आईने धाकटीच्या वेणीत अबोलीचा गजरा माळला आणि उरलेला तुकडा माझ्या केसांत खोचला. हॉल भरला होता. मी आणि आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर टेबल, त्यावर पांढरी चादर, दौत आणि टाक. शाळेत रोज फाउंटन पेन वापरणाऱ्या हेडमिस्ट्रेसनी त्या दिवशी मुद्दाम दौत-टाक काढला होता.

आधी धावणारी मुलगी गेली. मग धाकटीचं नाव पुकारलं. ती उठली, वाकून सही केली, आणि ती करताना जीभ दातांत धरली. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना धरायची तशीच. प्रिन्सिपॉलनी तिच्या गळ्यात चंदनाचा हार घातला. टाळ्या झाल्या. मग अण्णा वर गेले. टाक धरलेला त्यांचा हात मला लांबूनही दिसत होता. त्यांनी कन्नडमध्ये सावकाश सही केली आणि जाता जाता थांबले. त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"आम्ही शिवणकाम करणारी माणसं," ते म्हणाले, "पण आमच्या घरात मुलींना शिकवायचं हे पहिल्यापासून ठरलेलं आहे."

टाळ्यांनी हॉल दणाणला. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो काढला. माझ्या बोटांच्या टोकांना वर्षभराच्या सुयांनी घट्टे पडले होते, आणि माझे वडील चारशे माणसांना सांगत होते की आमच्या घरात मुलींना शिकवतात. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

तेवढ्यात धाकटीने हेडमिस्ट्रेसच्या कानात काही सांगितलं. त्या हसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ही म्हणते, मला अक्कानं शिकवलं. ती पण आमचीच विद्यार्थिनी. ये गं वर."

सगळे वळून बघायला लागले. मला उठावं लागलं. स्टेजवर धाकटीने स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. लोकांना ते फार आवडलं. चंदनाचा वास माझ्या नाकात गेला. मला तो हार तोडून टाकावासा वाटत होता. तिला द्यायचं होतं ते देऊन झालं होतं, आणि आता मी तिच्याकडे बघून हसायचं होतं. मी हसले.

नंतर मागच्या वर्गात केसरीभात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, आणि कॉफी होती. कॉलेजच्या खेळाच्या टीचर माझ्याजवळ आल्या. "तू पण खेळतेस?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"खेळायचे. पुढे, जाळीजवळ."

"मार्क किती होते?"

मी सांगितले. त्यांनी भुवया उंचावल्या. "शनिवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर ये. बघू या. पुढे उभी राहणारी मुलगी मला हवीच आहे."

मधल्या दिवसांत मी कोणालाच काही बोलले नाही. फक्त आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. तुला मार्केटात पाठवलंय असं सांगते मी अण्णांना."

शनिवारी मी धाकटीची रॅकेट तिला न विचारता घेऊन गेले. मैदानावर कॉलेजच्या मुली होत्या. टीचरांनी मला जाळीजवळ उभं केलं. पहिलाच चेंडू माझ्याकडे आला, मी कट मारला, तो जाळीपलीकडे टपकन पडला आणि समोरची मुलगी जागची हललीसुद्धा नाही. पाठीमागून कोणीतरी "अरे वा!" म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं, झालं, मी इथलीच झाले.

पण मग त्यांनी मला पळवायला सुरुवात केली. चेंडू डावीकडे, लगेच उजवीकडे, मग डोक्यावरून मागे. मला तो कुठे पडणार ते कळत होतं, दर वेळी कळत होतं, आणि मी तिथे पोचत नव्हते. थोड्याच वेळात धाप लागली. साडीचा काठ पायात आला आणि मी गुडघ्यावर पडले. टीचरांनी खेळ थांबवला आणि मला बाजूला नेलं.

"हात सुरेख आहे तुझा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बहिणीलाही असा हात नाही. पण पाय बसलेत. वर्षभर खेळली नाहीस ना?"

"नाही. घरी असते."

"सहा महिने रोज खेळ आणि मग ये."

"प्रवेश तर या महिन्यातच संपतात."

मी विचारलं, "नुसत्या मार्कांवर सीट मिळेल?"

"सहज मिळेल. पण मग फी माफ करता यायची नाही. वडलांशी बोल."

परत येताना मी बस घेतली नाही, चालतच आले. टीचरांनी 'तुझ्या बहिणीलाही असा हात नाही' म्हटलं होतं, ते मी वाटभर मनात घोळवलं. त्याने बरंही वाटत होतं आणि जास्त दुखतही होतं.

घरी पोचले तर धाकटी मागच्या दारात उभी. आईने तिला सांगितलं असावं. माझ्या साडीवरची माती बघून तिला काय झालं ते कळलं.

"नाही घेतलं?"

"नाही."

ती थोडा वेळ दाराची कडी वाजवत राहिली. मग म्हणाली, "मग मी पण नाही जात, अक्का. सांगते मी अण्णांना. दोघी जाऊ नाहीतर कोणीच नको."

ती खरं बोलत होती. सोळा वर्षांची होती, तिने खरंच तसं केलं असतं. आणि त्याचाच मला जितका राग आला तितका त्या स्टेजवरच्या हाराचाही आला नव्हता. मी ज्यासाठी गुडघे फोडून आले ते ती गोळी चघळून टाकावी तसं टाकून द्यायला तयार होती.

"तू जा," मी म्हटलं. "तुझी सही झालीये. आणि मला काही देऊ नकोस. कळलं? मला काहीही देऊ नकोस."

तिचं तोंड उतरलं. कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. ती कॉलेजला जायला लागली. सकाळी तिच्या चपलांचा आवाज गल्लीतून लांब जाईपर्यंत मी ऐकायची आणि मग मशीन सुरू करायची.

अण्णांच्या त्या एका वाक्याने मात्र त्यांनाच अडचणीत आणलं. गिऱ्हाइकं दुकानात यायची आणि म्हणायची, "ऐकलं तुमचं भाषण! मग थोरली काय करते?" अण्णा टेप गळ्यात सारखी करायचे आणि म्हणायचे, "घरी असते." पहिल्यांदा सहज म्हणाले. मग आवाज बारीक व्हायला लागला. एकदा हेडमिस्ट्रेस ब्लाऊज न्यायला आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं. अण्णा टेप गळ्यात सारखी करत होते, तोवर मी पडदा सारून बाहेर आले.

"मला टायपिंग शिकायचंय," मी म्हटलं. कॉलेज म्हणायचं धैर्य झालं नाही. ते आता नकोही होतं, तिच्या मागून एक वर्ष खाली बसायला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, हेडमिस्ट्रेसकडे पाहिलं. "सरी, सरी, बरोबर आहे," ते म्हणाले. "तेच ठरवतोय मी." आणि सोमवारी स्वतः मला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेले. रस्त्यात एकदाच बोलले. "तुझ्या वेळी मला समजलं नाही," म्हणाले. आणि पुढे चालत राहिले.

माझी बोटं टायपिंगला चांगली निघाली. परीक्षा झाल्या, शॉर्टहँड झालं, आणि एका कचेरीत मला नोकरी लागली. धाकटी तोवर विद्यापीठाच्या संघात गेली होती. वर्तमानपत्रात एकदा तिच्या संघाचा फोटो आला. त्यात ती मागच्या रांगेत सगळ्यांत उंच. अण्णांनी तो दुकानात चिकटवला. सुटीच्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक तो बघू लागलं की मी मशीनकडे बघायची.

एका संध्याकाळी मी कचेरीतून आले तर ती पायरीवर रॅकेट मांडीवर घेऊन बसलेली, डोळे सुजलेले. मोठा सामना हरल्या होत्या, आणि शेवटचे चेंडू तिच्याच हातून गेले होते. टीचर सगळ्यांदेखत बोलल्या होत्या.

मी तिच्याजवळ बसले.

ती नाक पुसत म्हणाली, "तुझं बरं आहे, अक्का. तू सकाळी जातेस, काम करतेस, घरी येतेस. तुला रोज कोणी मोजत नाही. मला तर कधी कधी वाटतं, तुझ्या जागी मी असायला हवं होतं."

ते ऐकून माझ्या आत जे झालं ते दुःख नव्हतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, इतकं की मी तिच्या हातातली रॅकेट घेतली, तिची एक तार सैल झाली होती ती नखाने वाजवून पाहिली, आणि म्हटलं, "ऊठ. तोंड धू. आईने उप्पीट केलंय, गार होतंय."

ती उठली. रॅकेट माझ्याच हातात राहिली.