एसटीच्या पासवरचा पेपर

पीएचडीचा थीसिस जमा करायला आठ दिवस राहिले होते. तिसरं प्रकरण ज्या एका पेपरवर उभं होतं, त्याचे पानक्रमांक तेवढे संदर्भसूचीत टाकायचे होते. पेपर जुना, नेटवर नुसता सारांश. तो ज्या नियतकालिकात आला होता, त्याचे जुने अंक लातूरच्या एका कॉलेजात बाइंड करून ठेवलेत असं कळलं, म्हणून नांदेडहून सकाळच्या गाडीनं निघाले.

ग्रंथपालबाईंनी धूळ झटकून अंक पुढ्यात ठेवला. "हा मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या," म्हणाल्या. मला हसूच आलं. नांदेडात मी चाळलेल्या जवळपास प्रत्येक थीसिसमध्ये या पेपरचा हवाला होता. 'एसटीचा पास मिळाला की खेड्यातल्या मुलींची शाळा सुटत नाही', हे वाक्य जसंच्या तसं.

पानक्रमांक उतरवले. आलेच आहे तर वाचून टाकू म्हटलं. शेवटच्या पानावर उलगडा झाला. ते वाक्य म्हणजे लेखकानं तपासायला घेतलेलं गृहीतक होतं. निष्कर्ष नेमका उलटा. पास असून मुली घरी बसल्या, कारण परतीची गाडी अंधार पडल्यावर यायची. सारांशात निष्कर्ष दिलाच नव्हता, आणि आम्ही सगळ्यांनी गृहीतकच निष्कर्ष म्हणून छापलं होतं. तीनदा वाचलं. बाईंनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. लोह्याच्या शाळेत मी पासवरच जायचे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण नववीत घरी बसली, पास तिच्याकडंही होता. हे डोळ्यांनी बघूनही मी उलटं लिहिलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी माझ्या गाईड सरांपुढं त्या पेपरची झेरॉक्स ठेवली. "सर, तिसरं प्रकरण परत लिहावं लागतंय. मुदतवाढ पाहिजे."

"आता? कोण वाचून राहिलंय तुझा थीसिस?" सर चिडले.

मीही तापलेच होते. "ते वाक्य मी तुमच्या थीसिसातून घेतलंय, सर. तुम्हाला पेपर कुठं मिळाला होता?"

सरांनी झेरॉक्स ओढली आणि शेवटपर्यंत वाचली.

"मिळालाच न्हाई," ते म्हणाले. "मी माझ्या गाईडच्या थीसिसातून उचललं."

मग मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. "चूक कुठून कुठून आली ते नव्या प्रकरणात लिही," म्हणाले. "माझं नाव घालून लिही."

बाकी प्रकरण लिहून झालंय. सरांचं नाव असलेलं ते एक वाक्य अजून माझ्यानं टाइप होत नाही.