परदेशात भरलेली ओटी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला यजमानांना विलायतेत गोदीत नोकरी लागली आणि आमच्या बोनकोडे गावाहून आम्ही तिकडे गेलो. मला तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला. आमची कुंदा तेव्हा जेमतेम चालू लागली होती. मी वर्गात असताना शेजारीण तिला सांभाळायची. पण ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर ती गाव सोडून गेली. यजमानांना रजा नव्हती. शिकण्याच्या हौसेपायी मी लेकराचे हाल करते आहे का, या विचाराने मन पोखरून निघाले. शेवटी शिक्षण सोडते असे प्राध्यापकांना सांगायला मी कुंदाला घेऊन निघाले.

वाटेत ती रडू लागली म्हणून एका चर्चच्या अंगणात बाकावर बसले. मनातल्या मनात गावदेवीला हात जोडले. "आई, आता तू ठेवशील तसं," एवढेच म्हटले. तिथे एक वृद्ध बाई वाळलेली पाने झाडत होत्या. एरवी परक्याकडे न जाणाऱ्या कुंदाने त्यांना पाहून दोन्ही हात पुढे केले.

"घेऊ का हिला?" त्यांनी विचारले. का कोण जाणे, मी त्यांना सगळे सांगून टाकले. त्यांनी कुंदाला कडेवर घेतले. मग म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून घर खायला उठतं. आज सकाळीच देवाला म्हटलं, मला काहीतरी काम दे."

त्यांचे नाव एल्सी. संध्याकाळी यजमान आणि मी त्यांचे घर पाहून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून कुंदाला त्यांच्याकडे ठेवू लागलो. परीक्षा झाली, पुढे पदवीही मिळाली. प्रयोगशाळेत उभी असताना जीव टांगणीला लागत नसे. कुंदा त्यांच्या स्वयंपाकघरात पीठ मळायला शिकली.

गावी परत आल्यावर सासूबाईंना हे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खण, नारळ, तांदूळ काढले आणि म्हणाल्या, "चल देवलात. त्या बाईच्या नावानं देवीची वटी भरू."

"आई, त्या विधवा आहेत," मी चाचरत म्हटले.

"आपलं लेकरू पोटाशी धरलं तिनं. देवी नाय म्हननार नाय."

देवीसमोर ती ओटी त्यांनी माझ्याच हातून ठेवली. डोळे भरून आले. लेकराचा भार आपण एकटीने वाहायचा, असे मी इतके दिवस धरून बसले होते. तो हट्ट सोडला, तेव्हा घ्यायला हात तयारच होते. देवळाच्या पायरीवर बसून सासूबाईंनी कुंदाला खोबरे दिले आणि आम्ही तिघी घरी निघालो.